कार्लटन, अर्ली डिसिजन आणि छोट्या कॉलेजातली चार वर्षं

गोदाकाठ

नमस्कार. माझी लेक यंदा बारावीला आहे, नाशिकमध्येच, राज्य मंडळाच्या ज्युनियर कॉलेजात. शाखा विज्ञान, पण तिचा जीव रमतो गणितात आणि भाषाशास्त्रात. हे दोन्ही विषय एकाच पदवीत मनापासून शिकता येतील अशी जागा शोधता शोधता ती अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांपर्यंत (वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकवणारी पदवीची कॉलेजं) पोचली. गेले काही महिने घरात मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजशिवाय दुसरं नाव निघत नाही.

तिला तिथे ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज करायचा आहे. नोव्हेंबरात अर्ज, डिसेंबरात निकाल, आणि प्रवेश मिळाला तर बाकी सगळीकडचे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं. त्या करारावर तिची सही, आमची सही आणि तिच्या ज्युनियर कॉलेजातल्या समुपदेशकाचीही सही लागते म्हणे.

माझा जीव इथेच अडलाय. सतरा वर्षांच्या मुलीने कधी न पाहिलेल्या गावाला असा शब्द द्यावा का? दोन हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज, वीस हजार वस्तीचं गाव. तिथली मुलं कशी राहतात, थंडीत काय करतात, आपल्याकडची मुलं एकटी पडतात का? आणि पैशांचंही आहेच. आम्ही दोघंही शिक्षक, पूर्ण फी झेपणं शक्यच नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

ट्विनसिटीकर

दादा, माझा मुलगा कार्लटनमधून पदवी घेऊन बाहेर पडला. आम्ही तिथून तासाभरावर राहतो, त्यामुळे त्या चार वर्षांत माझं जाणं-येणं भरपूर झालं. गावापासूनच सुरुवात करते, कारण या कॉलेजात गाव आणि कॉलेज वेगळं काढताच येत नाही.

नॉर्थफील्ड हे मिनियापोलिसच्या दक्षिणेला, कॅनन नदीच्या काठावरचं गाव. आजूबाजूला मक्याची आणि सोयाबीनची शेतं. गावात शिरलं की माल्ट-ओ-मीलच्या कारखान्यातून भाजलेल्या धान्याचा गोडसर वास येतो. गावाचं ब्रीदच ‘गाई, कॉलेजं आणि समाधान’ असं आहे. ‘कॉलेजं’ अनेकवचनी, कारण नदीच्या पलीकडच्या टेकडीवर नॉर्वेहून आलेल्या लोकांनी १८७४ मध्ये काढलेलं सेंट ओलाफ कॉलेज आहे. दरवर्षी सप्टेंबरात, नवी मुलं येतात त्याच सुमारास, गावात जेसी जेम्स या दरोडेखोराच्या टोळीच्या पराभवाचा उत्सव भरतो. ७ सप्टेंबर १८७६ ला त्या टोळीने इथल्या बँकेवर दरोडा घातला. जोसेफ ली हेवूड या रोखपालाने तिजोरी उघडायला नकार दिला आणि त्यात त्याचा जीव गेला. हा हेवूड त्या वेळी कार्लटनचा खजिनदारही होता. मुलाला सोडायला गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला ही सगळी हकीगत रस्त्यात उभं राहून सांगितली होती, काल घडल्यासारखी.

आता राहण्याचं. जवळजवळ सगळी मुलं चारही वर्षं कॉलेजच्याच घरांत राहतात. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वेगळी इमारत नसते, एकाच मजल्यावर पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलं एकत्र. मला ही व्यवस्था फार आवडली. माझ्या मुलाला पहिला निबंध लिहिताना धाप लागली तेव्हा शेजारच्या खोलीतली तिसऱ्या वर्षाची मुलगी त्याच्यासोबत रात्री बसली. फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी, म्हणजे निवडून सभासद घेणारे मुलामुलींचे क्लब, तिथे नाहीत. त्यामुळे अमुक एका टोळक्यात शिरकाव झाला नाही म्हणून एखादं पोर बाहेर राहिलं, असं मी पाहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी स्किनर चॅपेलमध्ये बाहेरून आलेल्या वक्त्याचं भाषण असतं आणि त्या वेळी वर्ग ठेवत नाहीत. त्याच दिवशी कॅम्पस सेंटरमध्ये फुलं विकायला येतात. मुलं एकेक फूल घेऊन मित्रमैत्रिणींच्या टपालाच्या खणात ठेवून जातात, परीक्षेचा ताण असला की जास्तच. थंडीचं म्हणाल तर जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो. ‘बाल्ड स्पॉट’ नावाचं मधलं मोठं मैदान पाणी सोडून गोठवतात आणि त्यावर मुलं स्केटिंग करतात, बूट घालून ब्रूमबॉल (बर्फावरचा हॉकीसारखा खेळ) खेळतात. चांगला कोट, बूट आणि हातमोजे घेतले की थंडी सोसते. डिसेंबर-जानेवारीत चार-साडेचारलाच अंधारतं, त्याची सवय व्हायला मात्र वेळ लागतो आणि काही मुलांना तो काळ खरंच जड जातो. तुमच्या लेकीला हे स्पष्ट सांगा.

सातारी_मुलूख

माहिती छान, पण मला एक मूलभूत शंका आहे. तिथला वर्षाचा खर्च आता ८०,००० डॉलरच्या वर गेलाय. इतके पैसे घालून मुलगी परत आली तर इथे कार्लटन कुणाला माहीत आहे? सरकारी विद्यापीठातलं नावाजलेलं शिक्षण, नाहीतर इथेच पुण्या-मुंबईत पदवी करून पुढे मास्टर्सला जाणं, हा मार्ग सरळ नाही का? विरोधासाठी विरोध करत नाहीये. माझ्या घरातही हीच चर्चा चालू आहे.

प्राजक्ता_पुणे

मी कार्लटनची माजी विद्यार्थिनी, पुण्याहून गेलेली. सातारी_मुलूख, तुमची शंका रास्त आहे. इथल्या कंपनीच्या मुलाखतीत मला कॉलेजचं नाव समजावून सांगावं लागतं, हे खरं. पण पुढे संशोधनाकडे जायचं असेल तर चित्र वेगळं दिसतं. अमेरिकेत पदवीनंतर पीएचडीपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण काढलं की छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं खूप वर दिसतात आणि कार्लटन त्यांत ठळक आहे. कारण साधं आहे. कॉलेजात पदव्युत्तर विद्यार्थीच नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळेत, संशोधनात प्राध्यापकाच्या हाताखाली काम करतं ते पदवीचंच पोर. गणित आणि भाषाशास्त्र दोन्हींत मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, तिथे आहे. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला ‘कॉम्प्स’ करावंच लागतं, म्हणजे आपल्या विषयातला मोठा स्वतंत्र प्रकल्प किंवा प्रबंध. माझं सगळं शिक्षण त्या एका कामात एकवटलं असं मला आजही वाटतं.

गोदाकाठ काका, तुमच्या मुलीने निर्णय घेण्याआधी एका गोष्टीचा नीट विचार करावा, ती म्हणजे दहा आठवड्यांची टर्म. वर्षात तीन टर्म, प्रत्येकीत साधारण तीनच विषय. तीन ऐकायला कमी वाटतात. पण तिसऱ्या आठवड्यात पहिली परीक्षा समोर असते, पाचव्यात अर्धा अभ्यासक्रम संपलेला असतो आणि आठव्यात सगळ्या विषयांचे निबंध एकदम येतात. तापाने चार दिवस अंथरुणात गेले तर भरून काढायला दोन आठवडे लागतात. ज्याला एखाद्या विषयात हळूहळू मुरायला आवडतं त्याला ही गती त्रास देते. मला ती मानवली, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला नाही मानवली.

त्याच वेळापत्रकाचा एक फायदा आपल्याकडच्या मुलांना होतो. पहिली टर्म नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधी संपते आणि दुसरी नव्या वर्षात सुरू होते. मधली लांब सुट्टी घरी काढता येते. उलट वर्ष जूनमध्ये संपतं, त्यामुळे मे महिन्यात सुरू होणाऱ्या इंटर्नशिपा हातून जातात.

वातावरणाबद्दल एक सांगते, कारण मला कुणी कार्लटन कसं आहे विचारलं की आधी हेच घर डोळ्यासमोर येतं. कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेल्या डेसी मोझेस नावाच्या बाईंनी १९८१ मध्ये जाताना आपलं घर कॉलेजला दिलं. त्या हयात असतानाही मुलांसाठी दार उघडंच असायचं. आजही कुठलाही विद्यार्थी तिथे जाऊन कुकीज भाजू शकतो. पीठ, साखर, लोणी घरात असतं. नियम एवढाच की भांडी घासून ठेवायची आणि कुकीज मागून येणाऱ्यांसाठी ठेवायच्या. रविवारी सकाळी मुलंच सगळ्यांसाठी नाश्ता करतात. माझी पहिली दिवाळी मी त्या स्वयंपाकघरात बेसनाचे लाडू वळून साजरी केली, आणि ज्या मुलांची नावंही मला माहीत नव्हती ती लाडू वळायला बसली.

ट्विनसिटीकर

प्राजक्ता, डेसी मोझेसबद्दल लिहिलंस ते वाचून फार बरं वाटलं! रॉटब्लाटबद्दलही लिही गं कुणीतरी. कॉलेजला जितकी वर्षं झाली तितक्या इनिंग्जचा सॉफ्टबॉल सामना वसंतात पहाटेपासून चालतो. कॉलेज १८६६ चं, म्हणजे आता दीडशेच्याही वर इनिंग्ज!

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत ओळखीच्या मराठी मुलांना अर्जांसाठी मदत करतो. व्यवसाय म्हणून नाही, इथल्या मराठी मंडळातलं काम म्हणून. अर्ली डिसिजनबद्दल इथे काही गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात, कारण चुकीची माहिती फार फिरते.

पहिली गोष्ट, अर्ली डिसिजन आणि अर्ली अ‍ॅक्शन एक नव्हेत. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये निकाल लवकर मिळतो, बांधिलकी नसते. अर्ली डिसिजनमध्ये बांधिलकी असते आणि असा अर्ज एका वेळी एकाच ठिकाणी करता येतो. कार्लटनला दोन फेऱ्या आहेत, एक नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली आणि दुसरी जानेवारीतली. दोन्ही तितक्याच बंधनकारक. ज्यांचं डिसेंबरपर्यंत मन ठरलं नाही त्यांच्यासाठी दुसरी फेरी चांगली, हे लोक विसरतात.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. सगळे सांगतात की अर्ली डिसिजनमध्ये प्रवेशाची शक्यता बरीच वाढते. आकडे तसे दिसतात खरे, पण त्या आकड्यांत कोण कोण असतं ते बघा. कार्लटन एनसीएएच्या (कॉलेजांच्या खेळांची अमेरिकेतली संघटना) तिसऱ्या विभागात खेळतं, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पण प्रशिक्षकाला हवा असलेला खेळाडू बहुधा याच फेरीत अर्ज करतो आणि त्याच्यामागे प्रशिक्षकाचा पाठिंबा असतो. अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असलेल्या हुशार, कमी उत्पन्नाच्या मुलांना क्वेस्टब्रिज या संस्थेमार्फत प्रवेश मिळतो, तोही लवकर. ही मुलं बाजूला काढली की तुमच्या लेकीसारख्या अर्जदाराला मिळणारा फायदा आकड्यांत दिसतो त्याहून कमी निघतो. फायदा नाही असं मी म्हणत नाही. छोट्या कॉलेजाला आपला वर्ग भरायचा असतो आणि ‘मी येणारच’ म्हणणाऱ्या मुलाची किंमत त्यांना असते. म्हणूनच या पद्धतीवर टीकाही खूप होते. घासाघीस न करता शब्द देणं ज्यांना परवडतं त्यांनाच ती सोयीची, हा आक्षेप जुना आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर ३२ नामवंत संस्थांविरुद्ध याच मुद्द्यावर मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल न्यायालयात खटला दाखल झाला. मला स्वतःला हा आक्षेप पटतो. पण पद्धत आहे तोवर आपल्या मुलांना तिच्यातूनच वाट काढायची आहे.

तिसरी आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पैसे. कार्लटन ज्याला प्रवेश देतं त्याची त्यांनी ठरवलेली पूर्ण आर्थिक गरज भागवतं, चारही वर्षं. पण परदेशी विद्यार्थ्याला किती मदत लागेल हे प्रवेश ठरवतानाच पाहिलं जातं. परदेशी मुलांचीही गरज न बघता निर्णय घेणारी लिबरल आर्ट्स कॉलेजं थोडी आहेत, अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन त्यांतली. आणि ‘पूर्ण गरज’ म्हणजे कॉलेजच्या हिशोबातली गरज, तुमच्या हिशोबातली नव्हे. तुमचं घर, भविष्य निर्वाह निधी, मुदत ठेवी, सगळं सीएसएस प्रोफाइल या मदतीच्या अर्जात विचारतात. म्हणून आधी घरात बसून वर्षाला जास्तीत जास्त किती भरता येईल तो आकडा ठरवा. ‘प्रवेश तर मिळू दे, मग बघू’ असं करून मदतीचा रकाना रिकामा ठेवू नका. बहुतेक ठिकाणी अर्जाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला नंतर चार वर्षं ती मागता येत नाही.

मुळामुठा

हडसनकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझ्या घरचं उदाहरण जोडते. भाच्याला एका कॉलेजात अर्ली डिसिजनने प्रवेश मिळाला (कॉलेजचं नाव देत नाही). मदतीची रक्कम अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली. बहिणीच्या घरी रडारड झाली, कारण सगळ्यांना वाटलं की सही केली म्हणजे आता कर्ज काढूनही जावंच लागणार. शेवटी तिने मदत कार्यालयाला पत्र लिहिलं, वडिलांच्या आजारपणाच्या खर्चाची कागदं जोडली. रक्कम थोडी वाढली, तरी पुरेना. मग त्यांनी नम्रपणे प्रवेश नाकारला आणि कॉलेजने करारातून मोकळं केलं. कुणीही दंड केला नाही.

पण यात डिसेंबरचा शेवट उजाडला होता. बाकीच्या कॉलेजांच्या मुदती पहिल्या जानेवारीपासून सुरू होतात. भाच्याने दुसऱ्या अर्जांचे निबंध लिहिलेच नव्हते. नाताळात बसून त्याने ते घाईत लिहिले आणि ते वाचताना घाई दिसत होती.

हडसनकाठ

मुळामुठा ताई, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. मदत पुरेशी नसेल तर करारातून बाहेर पडता येतं, हे पालकांना कुणी सांगतच नाही. मात्र ‘दुसरीकडे जास्त आवडलं’ किंवा ‘दुसरीकडे जास्त मिळालं असतं’ ही कारणं चालत नाहीत. चार-पाच ठिकाणची मदत शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर अर्ली डिसिजन करूच नये, नेहमीच्या फेरीत अर्ज करावा. आणि अर्ली डिसिजन केलंच तरी बाकीचे निबंध नोव्हेंबरातच लिहून तयार ठेवावेत.

निळी_सायकल

नमस्कार काका, मी आत्ता कार्लटनमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे. आईने हा धागा पाठवला.

एकटं वाटतं का, तर हो, पहिल्या टर्मच्या मध्यावर वाटलं. सगळे कामात बुडालेले असतात आणि कुणी मुद्दाम विचारायला येत नाही. मला बाहेर काढलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे कॅम्पसवरचं काम. बहुतेक मुलं आठवड्याला काही तास काम करतात, मी ग्रंथालयाच्या काउंटरवर बसते. तिथे रोज तीच माणसं भेटतात आणि ओळखी आपोआप होतात. दुसरं म्हणजे केआरएलएक्स, आमचं ८८.१ एफएम रेडिओ केंद्र, जे पूर्णपणे मुलं चालवतात. माझ्या तासाला मी मराठी गाणी लावते, नाट्यसंगीतसुद्धा. नॉर्थफील्डमधल्या एक आजी ती ऐकतात आणि फोन करून गाण्याचा अर्थ विचारतात.

इथे कुणी गुणांबद्दल बोलत नाही. तुला किती पडले, हा प्रश्न दीड वर्षात मला कुणी विचारलेला नाही. बारावीनंतर मला हे इतकं नवं होतं की सुरुवातीला विश्वासच बसेना. अवघड वाटणारा विषय ‘स्क्रंच’ करता येतो, म्हणजे ग्रेडऐवजी फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा घ्यायचा. मी नृत्याचा वर्ग तसा घेतला. परीक्षेच्या आदल्या रात्री दहा वाजता सगळ्या खिडक्या उघडून मुलं एकदम ओरडतात. पहिल्यांदा घाबरले, आता मीही ओरडते.

जेवण: शाकाहारी मिळतं, पण डाळीला चव नसते. लहान प्रेशर कुकर आणि गोडा मसाला आणला तर मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात शिजवता येतं. ट्विन सिटीजला (मिनियापोलिस-सेंट पॉल) बसने जाता येतं, पण रोजचं आयुष्य कॅम्पसवरच. मोठ्या शहराची ओढ असलेल्याने इथे येऊ नये. माझ्या वर्गातला एक मुलगा त्याच कारणाने दुसरीकडे गेला.

आणि कॉलेज बघायला येता येत नसेल तर ताईला सांगा की माहितीपत्रकं वाचणं आता पुरे कर. तिने प्रवेश कार्यालयाला लिहून एखाद्या विद्यार्थ्याशी बोलणं ठरवावं आणि त्याला विचारावं, सातव्या आठवड्यातला तुझा मंगळवार कसा जातो? सकाळपासून रात्रीपर्यंत. ते ऐकूनही यावंसं वाटलं तर अर्ली डिसिजन करावं.

सातारी_मुलूख

निळी_सायकल, तुझा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. तो म्हणाला, मला मोठं शहर हवंय, हे माझ्यासाठी नाही. आमच्या घरातली चर्चा निम्म्यावर आली. मनापासून आभार.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल रात्री आम्ही तिघांनी मिळून सगळे प्रतिसाद वाचले. फॉर्म १६, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, घराच्या कर्जाची कागदं काढली आणि वर्षाला किती भरता येईल तो आकडा वहीत लिहिला. आकडा लहान आहे. त्यापेक्षा जास्त लागलं तर जायचं नाही, हे लेकीने स्वतःहून मान्य केलं. दहा आठवड्यांच्या टर्मबद्दल ऐकून ती गप्प झाली होती. आज सकाळी म्हणाली, मला तेच हवंय, एका वेळी तीन विषय आणि सगळं लक्ष त्यात. ती एका विद्यार्थिनीशी बोलणार आहे, मग ठरवू. दुसऱ्या फेरीचा पर्यायही खुला ठेवलाय.

एक प्रश्न उरला. तिच्या ज्युनियर कॉलेजात समुपदेशक असं पदच नाही. करारावर सही कोण करणार? शिवाय बारावीचे गुण तर मे महिन्यात येणार.

फळा_आणि_खडू

मी पुण्यात ज्युनियर कॉलेजला शिकवते, दरवर्षी एक-दोन मुलींचे असे अर्ज करून देते. समुपदेशक म्हणून प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक चालतात. अर्ज भरायच्या कॉमन अ‍ॅपवर त्यांचं नाव आणि ईमेल द्यायचा, शक्यतो कॉलेजचा अधिकृत ईमेल. त्यांना दुवा येतो. शाळेचा अहवाल, शिफारस आणि अर्ली डिसिजनच्या करारावरची सही, सगळं तिथूनच ऑनलाइन होतं. त्यांना हे काम नवं असेल तर लेकीने शेजारी बसून एकदा दाखवावं, आमच्या उपप्राचार्यांना तसंच शिकवलं.

गुणपत्रिका नववीपासूनच्या लागतात. नववी-दहावी शाळेची, अकरावी कॉलेजची, आणि बारावीचे अपेक्षित गुण विषयशिक्षकांनी चाचण्यांवरून लेटरहेडवर लिहून द्यायचे. मंडळाची अंतिम गुणपत्रिका निकालानंतर पाठवायची. मुलीला एवढं मात्र सांगा की डिसेंबरात प्रवेश मिळाला तरी बारावीचा अभ्यास सोडायचा नाही. गुण फार घसरले तर कॉलेज विचारणा करतं आणि दिलेला प्रवेश काढूनही घेऊ शकतं.

आणि दादा, नववीची गुणपत्रिका या आठवड्यातच शाळेतून काढा. मुदतीच्या सुमारास दिवाळीची सुट्टी येते आणि शाळेचं कार्यालय बंद असतं.